एक जेट कमी

मी कार्बुरेटर. गाडीचं बॉनेट उघडलं की लोक ज्याच्याकडे बोट दाखवून "हे काय असतं हो?" असं विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत दुसरीकडे बघतात, तोच मी. हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते मी ठरवतो आणि ते इंजिनाला पाजतो. कमी पाजलं तर इंजिन रुसतं, जास्त पाजलं तर धूर ओकतं. कौतुक इंजिनाचं, शिव्या मला. चालायचंच.

माझा जन्म कारखान्यात झाला. वितळलेला धातू साच्यात ओतला, मी थंड झालो आणि मग मला इतकी भोकं पाडली की माझ्यात धातू जास्त की भोकं, असं कुणालाही वाटावं. त्यातलं एक जरी बुजलं तरी अख्खी गाडी जागच्या जागी उभी राहते. म्हणजे बघा, मी केवढा महत्त्वाचा!

पहिली बावीस वर्षं झकास गेली. आमचे पहिले मालक, म्हणजे आताच्या मालकांचे मामा, रोज गाडी काढायचे. मग त्यांचे गुडघे गेले आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये गेली. "विकायची नाही, आठवण आहे," असं मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. त्या आठवणीच्या मागच्या सीटवर मांजर चार वेळा व्याली. माझ्यातलं पेट्रोल सुकून त्याचा पिवळा डिंक झाला. नऊ वर्षांत मला बघायला कुणी आलं नाही.

शेवटी मामांनी गाडी भाच्याला दिली. भाचा, म्हणजे माझे आताचे मालक, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. केसाएवढा फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. निदान दुकानात तरी.

त्यांच्या बायकोला ही गाडी नको होती. मालकांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. "अगं, ठकीला एकदम काही झालं तर दवाखान्यात न्यायला घरची गाडी नको का?"

ठकी त्यांची अकरा महिन्यांची मुलगी. तिला काही होईल, याच काळजीत बाईंचा दिवस उगवतो आणि मावळतो. त्या लगेच हो म्हणाल्या.

गाडी आली, पण चालेना. सुरू व्हायची, आचके द्यायची, बंद पडायची. दोष माझा होता, मी नाही म्हणत नाही. पुढच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी बॉनेटमध्ये नुसतं डोकावून सांगितलं, "कार्बुरेटर माझ्याकडे टाका. घरी उघडू नका." मालकांना ते फार लागलं. "मी रोज याच्याहून बारीक काम करतो," असं त्यांनी मिस्त्रींना नाही, घरी येऊन बाईंना ऐकवलं. आणि एक जाडजूड पुस्तक आणलं.

रविवारी दुपारी मला स्वयंपाकघरात, फरशीवर पसरलेल्या जुन्या चादरीवर ठेवलं.

"अहो, टेबलावर करा ना. ठकी रांगतेय."

"टेबल हलतं."

"मग तुकडे मोजून तरी ठेवा."

"मोजतोय गं. तुझं आपलं काहीतरीच."

झाकण काढल्याबरोबर त्यांनी मला उलटं केलं आणि तळहातावर दोनदा आपटलं. घाण पडावी म्हणून. मग पुस्तकात बघत एकेक तुकडा स्टीलच्या ताटात मांडायला घेतला. मध्येच ठकी आली, ताटावर दोन्ही हातांनी ढोल वाजवून गेली. बाईंनी तिला उचललं, तिच्या मुठी उघडून बघितल्या. रिकाम्या होत्या.

तासाभराने मालकांचं तोंड उतरलं. "अगं, एक जेट कमी आहे."

जेट म्हणजे पितळेचा छोटा स्क्रू, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक असलेला. पुस्तकात दोन होते. ताटात एक.

आता खरं सांगतो, दुसरा जेट माझ्याच आत होता. त्याच्यावर डिंक इतका चढला होता की मालकांनी त्याला माझ्या अंगचा उंचवटा समजून वरून ब्रश फिरवला होता. मी गप्प होतो. मला तोंड नाही हे एक कारण. दुसरं म्हणजे, मला मजा येत होती.

बाईंना येत नव्हती. त्यांनी ठकीच्या तोंडात बोट घातलं, चादर झटकली, शेगडीमागे, डब्यांमागे शोधलं. मग जमिनीवरच बसल्या. "अहो, तिनं गिळलंय. मला माहितीये. चला आधी."

मालक ताडकन उठले, गाडीची किल्ली घेतली आणि दारापर्यंत गेले. तिथे थांबून त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

शेजाऱ्यांची स्कूटर मागून आणली. डॉक्टरांना माप दाखवायला म्हणून मालकांनी उरलेला जेट खिशात टाकला आणि घाबरल्या माणसाची अक्कल ती, मलाही पिशवीत घातलं. माणसांच्या दवाखान्यात जाऊन आलेला मी एकटाच कार्बुरेटर असेन.

डॉक्टरबाईंनी ठकीच्या पोटाचा फोटो काढला. मी मनात हसत होतो. काही निघणार नाही, मालकांची फजिती होईल, बाई सुटकेचा श्वास सोडतील.

"आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाईंच्या हातातली दुधाची बाटली पडली.

"पण हे तुमच्या त्या स्क्रूसारखं नाही. गोल आहे. घरात चुंबकाच्या गोळ्यांचं खेळणं आहे?"

"नाही," मालक म्हणाले. "आणि यात गोल काहीच नसतं." पुस्तक वाचलेला माणूस तो.

"नीट आठवा. साधी पोलादी गोळी असेल तर आपोआप पडेल. चुंबकाच्या दोन असल्या तर आतडं चिमटीत धरतात. फोटोत एकामागे एक असल्या तर एकच दिसेल. मला नक्की कळलं नाही, तर तिला मोठ्या इस्पितळात पाठवून नळी घालावी लागेल."

मालक पुन्हा "पण पुस्तकात..." असं काहीतरी म्हणू लागले. बाईंनी पिशवी त्यांच्या छातीवर दाबली. रडत नव्हत्या. "पुस्तक राहू दे. मिस्त्रींकडे जा. पाया पडायला लागलं तर पडा."

मिस्त्रींनी मला हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, एका भोकात डोळा लावला. "छर्रा कुठाय?"

"कसला छर्रा?"

"पोलादी गोळी हो, तळाला सुटी असते. पेट्रोल उलटं फिरू नये म्हणून. झाकण काढल्यावर उलटं केलंत काय याला?"

मालकांनी रिकाम्या तळहातावर मूठ दोनदा आपटून दाखवली.

आणि मी? जेटच्या गमतीत मी इतका गुंग होतो की माझ्या पोटातून काय गळालं ते मला कळलंसुद्धा नाही. एकतीस वर्षं तो छर्रा माझ्यात होता. पडल्याचा आवाजही मी ऐकला नाही. त्या क्षणापासून मी हसणं सोडलं.

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरने डिंक खरवडून जेटही काढून दाखवला. "हा बघा, घरातच होता. दुसऱ्यांना चष्मे लावता ना हो तुम्ही?" पण बोलता बोलता त्यांनी डब्यातून तसाच एक छर्रा काढला आणि कागदात बांधला. "पळा. वहिनी वाट बघत असतील."

डॉक्टरबाईंनी तो फोटोवर ठेवून बघितला. बरोबर तेवढाच होता. "पोलादच आहे. घरी न्या. पडला की कळवा, तीन दिवसांत नाही पडला तर परत या."

ते दिवस कसे गेले ते मी सांगणार नाही. बाईंनी जे काम केलं, ते माझ्यासारख्या तेलकट वस्तूनेही बोलून दाखवू नये. पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. मालक दुकानात जाऊन अर्ध्या तासात परत आले, एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्याच काचा बसवून. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून बाईंची हाक आली. मालक धावले. आतून दोघांच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि ठकीच्या खिदळण्याचा.

मला मिस्त्रींनीच जुळवलं. मालक बाजूला बसून तुकडे मोठ्याने मोजत होते, चारचारदा. बाई ठकीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. छर्रा उकळून आणला होता.

"साहेब, नवा घालू की हाच?" मिस्त्रींनी विचारलं.

"नवाच घाला," मालक म्हणाले. "हा आठवण म्हणून ठेवू."

"काही नको," बाई म्हणाल्या. "आठवण घरात कुठेही ठेवली तरी ही शोधून काढेल. हाच घाला आणि वरून घट्ट बंद करा."

आता मी बरा आहे. गाडी पहिल्या झटक्याला सुरू होते. तुम्ही कुणी माझ्यासारख्याला उघडणार असाल तर एवढंच सांगतो, उलटं करण्याआधी घरातल्या घाबरट माणसाचं ऐका. निघतो, मालकांनी किल्ली फिरवली. पण गाडी हलायला अजून वेळ आहे. बाई मागच्या सीटवर ठकीचं तोंड उघडून बघताहेत. जिभेखाली बघून झालं की मग त्या म्हणतील, "हं, चला आता."