आईची स्कूटी

साठीला आल्यावर आईने माझ्याकडून स्कूटी शिकायला घेतली. शेतातली शेवंती तिला स्वतःच बाजारात न्यायची होती. त्या रविवारी मला केडगाव स्टेशनवर सोडायचा हट्टही तिचाच. जन्मभर बैलगाडी हाकलेली, त्यामुळे वळण आलं की ती बैलांना थांबवल्यासारखं आधी "हो, हो" म्हणायची आणि मग ब्रेक दाबायची.

"आई, हा बैल नाहीये. जरा वेगात घे, माझी रेल्वे चुकेल."

"चुकू दे. पुढची हाय की. त्यो ऊस बघ कसा डोलतोय."

रेल्वे डोळ्यांदेखत गेली. पुढची येईपर्यंत आम्ही फलाटावर शेंगा खात बसलो. मी सारखी घड्याळ बघत होते.

"आली की गं मला स्कूटी!" ती खुशीत म्हणाली.

मी नुसतं "हं" केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिचं हृदय थांबलं.

तेराव्यानंतर फुलांचा क्रेट पायाशी ठेवून मीच बाजाराला निघाले. त्याच वळणावर माझ्या तोंडून "हो, हो" निघालं, मग ब्रेक दाबला. ऊस डोलत होता.

"आई," मी मोठ्याने म्हणाले, "छान चालवायचीस तू. माझी रेल्वे चुकली, ते फार बरं झालं."