कौन्सिलच्या पेजवर बाबा

संपदा राहायची परदेशात, रोटोटुना नावाच्या उपनगरात, आणि नोकरी करायची पाऊण तासावरच्या एका लहानशा गावच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत. काम काय, तर कौन्सिलचं फेसबुक पेज सांभाळायचं. कचरा कधी उचलणार, कुठला रस्ता बंद, हे लोकांना सांगायचं आणि वर त्यांच्या शिव्या गोड हसून झेलायच्या. हे काय काम आहे का, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं.

आणि या पेजचा सगळ्यात निष्ठावान वाचक कोण? तिचे वडील, भाऊसाहेब. तिकडे मायदेशी नगरपालिकेत चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याचे ओव्हरसीअर, आणि आता पाच महिन्यांपासून लेकीकडे मुक्काम. लेकीनं बुजवलेल्या खड्ड्याचा फोटो टाकला तरी खाली यांचं 'व्हेरी गुड वर्क' हजर. संपदाला ऑफिसात ओशाळल्यासारखं व्हायचं. पण बाबांना बोलणार कोण?

त्या सोमवारी पहाटे वादळानं गाव झोडपलं. नळाच्या पाण्यात जंतू सापडले. दहा वाजता संपदानं पोस्ट टाकली की पाणी खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नका. बघता बघता तीनशे कॉमेंट्स. अर्ध्या गावात वीज नव्हती, मग उकळायचं कशावर, हा ज्याचा त्याचा सवाल. उत्तरं देणारी ही एकटी.

साडेअकराला कॉमेंट्स वाचता वाचता बाबांचं नाव दिसलं आणि तिची पाचावर धारण बसली. हाना नावाच्या एका बाईनं विचारलं होतं, घरी वीज नाही, काय करू? भाऊसाहेबांनी झोकात इंग्रजीत उत्तर ठोकलं होतं: स्वच्छ कापडाची चौपदरी घडी घाला, पाणी गाळा, उकळायची गरज नाही. मी चौतीस वर्षं पाणी खात्यात होतो आणि हे पेज माझी मुलगीच चालवते. हानानं पुढे विचारलं, बाळाच्या दुधालाही चालेल का? बाबांचं उत्तर: चालेल, निर्धास्त राहा. त्यावर हानाचा एक लाल बदाम. चाळीस मिनिटांपूर्वीचा.

नुसतं पुसून भागणार नव्हतं. ती बाई वाचून मोकळी झाली होती. संपदानं खाली कौन्सिलच्या नावानं लिहिलं, हे चूक आहे, बाळाला देऊ नका, टाउन हॉलपाशी टँकर उभा आहे. तर लगेच कुणी शहाणा म्हणाला, कौन्सिल स्वतःची कातडी वाचवतंय, माझा तर त्या आजोबांवर विश्वास. हानाचा पत्ता नाही. मेसेज पाठवला, तो उघडलेला नाही. संपदानं मॅनेजरबाईंना सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली खड्ड्यात, तिच्या डोळ्यांसमोरून त्या बाळाची दुधाची बाटली हलेना. मग तिनं घरी फोन लावला.

भाऊसाहेब खुशीत होते. तू एकटी किती जणांना पुरी पडणार, म्हणून जरा हातभार लावला, म्हणाले.

"बाबा, तिकडे पूर आला की तुम्ही लोकांना गाळून प्या म्हणायचात. त्याच्या आधी टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर कोण टाकायचं?"

"आम्हीच. मी स्वतः उभा राहून टाकून घ्यायचो."

"इथे कोणी टाकली?"

आता कुठे भाऊसाहेबांच्या लक्षात आलं. लोकांना सांगायचं ते फडक्याचं, पावडरीचं आपलं आपण बघायचं. चौतीस वर्षांत तिची लोकांपुढे वाच्यता करायची वेळच आली नव्हती. शेवटी ते एवढंच म्हणाले, की मी लिहितो.

जन्मात कुणापुढे चूक कबूल न केलेल्या माणसानं लिहिलं: माझं चुकलं. मी निवृत्त माणूस आहे, मला इथलं काही माहीत नाही. मुलगी सांगते तेच खरं. ताई, बाळाला ते पाणी देऊ नका. वाचलंत की कृपा करून कळवा, मी इथेच बसलो आहे.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. संपदा पेज पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. मॅनेजरबाई मागे येऊन उभ्या होत्या.

सतराव्या मिनिटाला हानाचं उत्तर आलं. बाटली करून ठेवली होती, पण बाळाला झोप लागली, म्हणून पाजायची राहिली. आता ओतून टाकली. टँकरकडे निघालेय.

संपदाला रडूच फुटलं. तसाच फोन लावला. "बाबा, दिलं नव्हतं."

त्यांनी लांब श्वास सोडला. मग हळूच म्हणाले, "पाच महिन्यांत इथे मला कुणी पहिल्यांदाच काही विचारलं होतं गं."

मॅनेजरबाईंनी स्क्रीनकडे बोट केलं, हे सगळं काढून टाक. संपदानं बाबांची उत्तरं पुसली, त्यांची माफी पुसली, आणि सगळ्यात शेवटी हानाचा प्रश्न.