उत्तर काकांनी द्यायचं

दवाखान्यात फॉर्म घेऊन बसलेली मुलगी माझ्या नातीच्या वयाची. म्हणाली, "काकू, मागच्या महिन्याभरातलं विचारणार आहे. उत्तर काकांनीच द्यायचं."

"विचार की! मी कुठे अडवतेय?"

ह्यांना पार्किन्सन आहे. हात थरथरतो, त्याचं एक वेळ चालेल, पण आवाज पार बसलाय. आयुष्यभर कंडक्टरकी केली. ह्यांनी एक हाक दिली की अख्खी बस पुढे सरकायची. आता पाणी मागितलं तरी ऐकू येत नाही. तिथेच आवाजाच्या व्यायामाचा वर्ग सुरू होणार होता. जागा थोड्याच, ज्यांना त्रास जास्त त्यांनाच. बोलण्याचा त्रास किती, ते या प्रश्नांवरून ठरणार होतं, आणि मला तो वर्ग ह्यांच्यासाठी काहीही करून हवा होता.

"शर्टाची बटणं लावायला त्रास होतो?"

ह्यांचे ओठ हलायला लागले.

"कधी कधी," मी सांगून टाकलं.

"काकू..."

"अगं, असं थांबत बसलीस तर संध्याकाळ होईल इथेच!"

चालण्याचं विचारलं, झोपेचं विचारलं. दोन्हींची उत्तरं मीच दिली. तिनं पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"काका, तुमचं बोलणं पुरं व्हायच्या आत लोक मध्येच बोलतात, असं होतं?"

"छे! आमच्या घरी तसलं काही नाही," मी म्हणाले.

म्हणाले आणि माझं मलाच ऐकू आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. या आजारानं ह्यांचा चेहरा मख्ख झालाय. राग आला की वाईट वाटलं, काही कळत नाही. दिसत नाही म्हणजे वाटतही नसेल, असं मी खुशाल धरून चालले होते. किती सोयीचं होतं ते मला!

मुलगी ह्यांच्याकडेच बघत थांबली. बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "नाही. कधीच नाही."

मला सांभाळून घेत होते. आणि खरं सांगते, आधी मला हायसंच वाटलं. मग वर्ग आठवला.

"खोटं आहे ते! लिही, नेहमी होतं. मीच ह्यांना..."

"मला," हे म्हणाले, "बोलू... दे."

ह्यांचा हात टेबलावर टकटक वाजत होता. माझ्या जिभेवर आलेलं वाक्य मी गिळलं, परत आलं, परत गिळलं. एवढा वेळ लागतो ह्यांना, हे मी कधी थांबून पाहिलंच नव्हतं.

"होतं," हे म्हणाले. "रोज."

तिनं फॉर्मवर खूण केली. "वर्गात जागा मिळेल, काका. आता एवढंच सांगा, त्याचं वाईट वाटतं का?"

मी तोंड घट्ट मिटून घेतलं. ह्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मी काय उत्तर देते, त्याची वाट बघत बसले.