तिसरा नट

सुनेने दवाखान्याच्या गाडीच्या इंजिनाचं हेड गॅरेजमधल्या बाकावर आडवं ठेवलं आणि तुटक्या स्टडभोवतीची काजळी तारेच्या ब्रशने घासून काढली. स्टड, म्हणजे हेडमध्ये पिळून बसवलेला आट्यांचा दांडा, अगदी बुडाशी तुटला होता. पक्कडीत धरायला नखभर टोकही उरलं नव्हतं.

सासरे मागे उभे होते. ड्रिल मारू या, असं त्यांनी दोनदा सुचवलं. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड पोलादाचा. ड्रिल जरा तिरकं गेलं की मऊ धातूत घुसणार आणि हेड कामातून जाणार. नवरा जहाजावर नोकरीला लागला त्या वर्षी हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. तिने नटांचा डबा पुढे ओढला.

बाहेर दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर येरझाऱ्या घालत होता. उद्या सकाळी सातला डायलिसिसच्या तीन पेशंटना न्यायचं होतं आणि दवाखान्याकडे दुसरी गाडी नव्हती.

तिने तुटक्या टोकावर नट ठेवला, नटाच्या भोकातून वेल्डिंग केलं, लाली उतरू दिली आणि कडेने तेल सोडलं. मग पाना लावला. नट उखडून हातात आला. दुसऱ्याचीही तीच गत. सासरे म्हणाले, आता तरी आण ते ड्रिल. तिने कपाळ पुसलं आणि तिसरा नट घेतला.

या खेपेला आत काहीतरी करकरलं. स्टड केसभर हलला, अडला. तिने तो थोडा मागे, थोडा पुढे असा खेळवला आणि मग तो गुमान बाहेर आला.

त्यावर गंजाचा मागमूस नव्हता. आटे एका अंगाने चिरडलेले होते. मागच्याच महिन्यात सासऱ्यांनी तो नवा बसवला होता.

ड्रायव्हर आत आला.

“कशाने तुटला हो, वहिनी?”

“जुना होता. गंजला होता,” ती म्हणाली आणि स्टड खिशात टाकू लागली.

सासऱ्यांनी हात पुढे केला. तिला द्यावाच लागला. खिडकीपाशी जाऊन त्यांनी आट्यांवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, मग चष्मा लावून पाहिलं.

“नवा आहे हा. मीच बसवलेला,” ते ड्रायव्हरला म्हणाले. “तिरका गेला तरी बोटांना कळत नाही आता.”

ड्रायव्हरने दोघांकडे पाहिलं. सकाळी गाडी मिळेल ना, एवढंच त्याने विचारलं.

“मिळेल. हेड ती बसवणार आहे.”

मग ते मोरीवर गेले आणि साबण लावून, कोपरापर्यंत, सावकाश हात धुऊ लागले. काम बाकी असताना त्यांनी हात धुतलेले तिने कधी पाहिले नव्हते.