क्लोव्हिस भावजींची मिशी

खोटं वाटलं तर वाटू दे, पण रिकाम्या पिंपाला स्वप्नं पडतात. लुइझियानात, आमच्या खाडीकाठच्या, रंग पातळ करायच्या थिनरच्या कारखान्यात मी अकरा वर्षं पिंपं भरली. मला विचारा, पोरांनो.

आमच्या लेकीचं, ओडालीचं लग्न संध्याकाळवर आलेलं. डुक्कर भाजायला भट्टी हवी म्हणून माझे दीर क्लोव्हिस कारखान्यातलं रिकामं पिंप घेऊन आले. हातात गॅसकटर, ओठावर वीतभर मिशी. पिंप उभं चिरायचं, की झाली भट्टी.

मी जाऊन पिंपावरच बसले.

"वहिनी, उठा! अंड्यावर कोंबडी बसावी तशा काय बसलाय?"

"भावजी, आत काय आहे?"

"काही नाही. थेंबसुद्धा नाही!"

"म्हणून तर बसलेय. थिनर नाही पेटत, त्याची वाफ पेटते. काठोकाठ भरलेल्या पिंपात हवा नसते, ते बापडं घोरत पडतं. इथं तळाशी चमचाभर थिनर अन् वर पोटभर हवा. तुमची एक ठिणगी, की डुकराआधी तुम्हीच भाजाल."

"तुमच्या थापा!"

मी बुचाच्या भोकातून बागेची नळी आत सोडली. पाणी बुडबुडत चढू लागलं. वर सायप्रसच्या झाडाचं लोंबतं शेवाळ हलत होतं. माझा डोळा लागला.

पिंप मला घेऊन अलगद वर उठलं. खाली खाडीतून एक मगर टाय बांधून लग्नाला निघालेली. पण अंगणात सगळे काळ्या कपड्यांत. ओडालीसुद्धा. आणि क्लोव्हिस भावजी कुठंच नाहीत.

दचकून जागी झाले. पाण्यानं वाफ बाहेर ढकलली होती. ती दिसत नाही. हवेहून जड, मांजरीसारखी गवतातून सरपटत जाते. पलीकडं शेगडीवर गम्बोचं कालवण रटरटत होतं.

"भावजी, शेगडी विझवा!"

"दहा पावलं लांब आहे ती," म्हणत ते बुचाच्या भोकात डोकावले.

भप्प! निळी ज्योत बदकाच्या पिलासारखी गवतावरून दुडुदुडु आली नि भोकात शिरली. पिंप भरत आलेलं, म्हणून नुसता ढेकर दिला. तेवढ्यानं मी सायप्रसच्या तिसऱ्या फांदीवर! तुमचे आजोबा दुसऱ्या फांदीवर म्हणतात, पण ते तेव्हा घरात दाढी करत होते.

भावजी कितीतरी वेळ ओठ चाचपत राहिले.

"वहिनी... पाणी अजून सोडू?"

"सोडा. आणि आधी मला उतरवा."

डुक्कर शेवटी जमिनीत खड्डा खणून भाजलं. लग्नाचा फोटो भिंतीवर आहे, जाऊन बघा. त्यात भावजींना मिशी नाही. पण भावजी आहेत.