काट्यावर न दिसणारं दूध

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, पण कांदे-बटाट्यांचा नव्हे. मी बाळांचा काटा. एका बाळंतिणींच्या दवाखान्यात माझी सारी नोकरी झाली. वर पांढरं पसरट तबक, खाली काच, काचेआड लाल सुई. कारखान्यात मला घडवलं तेव्हा माझ्या चेहऱ्यावर वीस-वीस ग्रॅमच्या रेघा आखल्या. त्याहून कमी काही असतं, हे मला कुणी शिकवलंच नाही.

तरुणपणी माझे फार लाड झाले. तबकात मऊ दुपटं, रोजची पुसापुशी. आज्या काचेला नाक लावून आकडा वाचायच्या आणि "अगदी बापावर गेलंय," म्हणायच्या. जणू बापही माझ्याच तबकातून गेला होता. पुढे सुई अडकू लागली. मग सिस्टर आधी मला टिचकी मारायच्या, आणि वॉर्डातल्या मावशी मला 'खडूस' म्हणू लागल्या.

अशा वयात माझ्याकडे एक बाळ आलं. दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं. ठेवलं तरी तबक रिकामंच वाटावं, एवढंसं. मावशी त्याला 'साहेब' म्हणायच्या. साहेबांना डब्यातलं दूध पचेना, आणि आईला दूध येईना; सगळी भिस्त सलाईनवर. रोज सकाळी मी एक रेघ कमी दाखवायचो. आई माझ्यासमोर श्वास रोखून उभी राहायची. मला वाटायचं, एकदा तरी सुईने पुढे सरकावं. पण मित्रांनो, काट्याला दया दाखवता येत नाही. स्प्रिंग जेवढी दबते, तेवढंच तो बोलतो.

बाराव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्याही घटलं तर मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल. तिथे आयांना आत थांबू देत नाहीत."

त्या दुपारी आईने वाटीत दूध पिळून काढलं. वाटीचा तळही झाकला नाही. ती उठली आणि बेसिनकडे निघाली.

"कुठे निघालीस गं?" मावशींनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"ओतून टाकते. दोन थेंब तर आहेत. सिस्टरांना दाखवायचीही लाज वाटते. या काट्यावर सोडले तर सुई हलायचीसुद्धा नाही."

"खडूसाचं काय घेऊन बसलीस? त्याला लांबचं दिसत नाही, जवळचंही दिसत नाही."

हे खरंच होतं.

"पण मावशी, पुरणार आहे का एवढं त्याला?"

"मला काय ठाऊक? पुरवणारी मी कोण, आणि तू तरी कोण?" मावशींनी वाटी दोन्ही हातांत धरली आणि डोळे न मिटताच म्हणाल्या, "देवा, एवढंच आहे. कमी आहे ते आम्हालाही दिसतंय. तुला जसं वापरायचं तसं वापर." मग वाटी आईच्या हातात देऊन म्हणाल्या, "चल आता, सांडू नकोस."

सिस्टरांनी ते थेंब ड्रॉपरने साहेबांच्या ओठांत सोडले. साहेब ओकले नाहीत. मग दर दोन तासांनी आई वाटी घेऊन यायची. कधी तीन थेंब, कधी एकच.

सकाळी मला टिचकी बसली. सुई थरथरली आणि कालच्याच रेघेवर थांबली. पुढे नाही, पण मागेही नाही.

"राहू दे आजचा दिवस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आई तिथेच फरशीवर बसली.

असे 'आजचे दिवस' सहा मिळाले. सातव्या दिवशी विजेवरचा नवा काटा आला आणि मला कपाटावर चढवलं. तिथून कुणाचाच आकडा दिसत नाही. साहेबांचं वाढलं की घटलं, मी विचारणार तरी कुणाला? बरेच दिवस काहीच कळलं नाही. मग एका सकाळी खालून मावशींचा आवाज आला, "टोपडं नीट बांध गं साहेबांचं, बाहेर वारा आहे. घरी पोचेपर्यंत काढू नकोस."

आता माझ्या तबकात कापसाचे गठ्ठे असतात. मला पुसा, तेल घाला, असं मागून उपयोग नाही. मी दुसरंच मागतो. आपल्याकडचं फार थोडं आहे म्हणून ते ओतून टाकायला निघालात, तर जरा थांबा. पुरेल की नाही, ते मला कळत नव्हतं, आईला नव्हतं, मावशींनाही नव्हतं. तरी ती वाटी दर दोन तासांनी येत राहिली. मित्रांनो, तेवढं करा.