अठ्ठावन्न शतांश

सकाळी सिलिंडरचे बोअर, म्हणजे आतली पोकळी, मोजले तेव्हा काहीच कळले नाही. कळण्यासारखे त्यात काही नव्हतेही.

इंजिनाचा ब्लॉक आदल्या दिवशी लेथवाल्याकडून आला होता आणि रात्रभर आमच्या वर्कशॉपमध्ये गोणपाटाखाली पडून होता. लोखंडाला खोलीची सवय होऊ द्यावी लागते, असे बाबा, माझे सासरे, म्हणतात; उन्हातून आलेले लोखंड खोटे बोलते. मायक्रोमीटरही ते उघड्या हाताने धरत नाहीत, हाताची ऊब त्याला लागेल म्हणून फडक्यात धरतात. जेटीवर त्यांना मापमास्तर म्हणतात. चहावरच्या सायीची जाडी मोजल्याशिवाय मास्तर घोट घेत नाहीत, ही माझ्या नवऱ्याची, म्हणजे त्यांच्याच मुलाची, जुनी थट्टा.

चार सिलिंडर, प्रत्येकाची सहा मापे: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी एकदा लांबीत, एकदा रुंदीत. बोअर गेज आत सोडून ते हलकेच झुलवत, काटा शून्यापाशी थरथरे, ते आकडा सांगत आणि मी वहीत लिही. सहा वर्षे आमचे हेच चालले आहे. पानाखाली सही त्यांची, कारण आमच्याकडे जो काटा वाचतो तो सही करतो. चोविसाच्या चोवीस मापे चोख आली. नवे पिस्टन तेल पिऊन आपापल्या अंधारात उतरले.

इंजिन लाँचचे होते आणि लाँच माझा नवरा चालवतो. पाच वाजता क्रेनवाला निघून जाणार होता. त्याआधी इंजिन लाँचमध्ये उतरले नाही, तर उद्या सकाळची फेरी बुडणार होती. फेरी म्हणजे चाळीस माणसे आणि मधोमध तो खडकांचा पट्टा, जिथे पाण्याची ओढ एवढी असते की बंद पडलेल्या इंजिनाला दुसरी संधी मिळत नाही. नवरा तेवढा पट्टा ओलांडेपर्यंत कुणाशी बोलत नाही. मीही त्या वेळी घरात उगाच भांडी आवरत असते.

तीन वाजता हेड गॅस्केट निवडायची वेळ आली; हेड म्हणजे ब्लॉकवरचे जड झाकण, आणि गॅस्केट म्हणजे त्या दोघांमध्ये चेपून बसणारा पातळ थर. पिस्टन वर आला की त्याचा माथा ब्लॉकच्या पृष्ठभागाहून केसभर उंच निघतो. ती उंची मोजायची आणि तिच्यानुसार गॅस्केटची जाडी ठरवायची. कडेवर जितक्या खाचा, तितके ते जाड: पन्नास शतांश मिलिमीटरपर्यंत एका खाचेचे, त्यापुढे दोन खाचांचे, पासष्टच्या वर तीन खाचांचे. टेबलावर तिन्ही पाकिटे होती. पातळ लावले तर इंजिन तापल्यावर पिस्टन हेडवर आदळतो, आणि तापते ते भर प्रवाहात, पूर्ण जोर लावताना.

बाबांनी उंची मोजायचे डायल ब्लॉकवर टेकवून शून्य केले, पिस्टनवर सरकवले, मान तिरकी केली आणि आकडे सांगत गेले. बेचाळीस. एकेचाळीस. त्रेचाळीस. चौथ्या पिस्टनला मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते. ते बेचाळीस म्हणाले, तेव्हा काटा अठ्ठावन्नवर होता.

त्या डायलवर आकड्यांची दोन वर्तुळे आहेत: बाहेरचे काळे, काट्याबरोबर वाढणारे, आतले लाल, उलट्या दिशेचे. काळ्या अठ्ठावन्नाची आणि लाल बेचाळिसाची रेघ एकच. इथे काळेच वाचायचे, हे त्यांनीच मला पहिल्या आठवड्यात शिकवले होते.

मला वाटले, मी तिरके पाहिले. मग वाटले, आपली नजर चुकली असू दे. तोवर त्यांनी डायल पुसून पेटीत ठेवले होते. एका खाचेचे गॅस्केट ब्लॉकवर पसरले. नवऱ्याने आढ्याच्या कप्पीची साखळी ओढली आणि हेड तरंगत तरंगत वर आले. क्रेनवाला दाराशी येऊन घड्याळाकडे पाहून गेला. आणि मी बेचाळीस या आकड्याकडे पाहत उभी होते, जो माझ्याच अक्षरात होता. हेड बसले, बोल्ट आवळले, की संपले. चेपलेले गॅस्केट दुसऱ्यांदा लागत नाही आणि मिटलेल्या इंजिनाच्या आत कुणी डोकावत नाही. ज्या माणसाने मला मोजायला शिकवले, त्याला चारचौघांत चूक म्हणायचे, तेही एका ओझरत्या नजरेच्या जोरावर.

हेड ब्लॉकपासून वीतभर अंतरावर आले.

"बाबा, थांबवा."

साखळीचा आवाज थांबला. नवऱ्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी देवळात शिट्टी मारली होती.

"काय झालं?" बाबांनी विचारले.

काटा कुठे होता ते मी सांगितले नाही. पोलादी पट्टी आणि फट मोजायच्या फिलर गेजचे पन्नास शतांश जाडीचे पाते त्यांच्यापुढे धरले. "एकदा हे घालून बघता?"

ते क्षणभर पात्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहत राहिले. मग गॅस्केट उचलले. पहिला आणि चौथा पिस्टन एकाच वेळी वर येतात. त्या दोघांच्या माथ्यांवर त्यांनी पट्टी आडवी टाकली आणि पट्टी आणि ब्लॉक यांच्यामधल्या फटीत पाते सरकवले. फट बेचाळीसची असती, तर ते शिरलेच नसते. ते नुसते शिरले नाही, आत सैल हलले. त्यांच्या बोटांनी ते दोनदा पुढेमागे केले. त्या बोटांना कुणी काही सांगण्याची गरज नव्हती.

मुलाकडे न वळताच त्यांनी त्याला सांगितले, की क्रेनवाल्याला अर्धा तास थांबव, चहा पाज, काहीही कर. तो गेल्यावर ते स्टुलावर बसले.

"लाल नि काळं," ते म्हणाले, "दोन्ही मातकट दिसतं. वर्ष होत आलं."

"सांगायचं होतंत."

"कुणाला? तुला सांगितलं असतं, तर तू वही खाली ठेवून डायल हातात घेतलं असतंस. मग मी काय केलं असतं इथे, साखळी ओढत बसलो असतो?"

सकाळचा शून्यापाशी थरथरणारा काटा मला आठवला. त्या गेजवर आकडे एकाच रंगाचे होते, घोळ घालायला दुसरे वर्तुळ नव्हते. तिथे त्यांना कुणाची गरज पडली नव्हती.

त्यांनी फडक्याने हात पुसले, वही माझ्या हातातून घेतली आणि पेन्सिल कानामागून काढली. "वाच. मी लिहितो."

मी डायल लावले. अठ्ठावन्न, एकोणसाठ, सत्तावन्न, अठ्ठावन्न. प्रत्येक आकडा ते मोठ्या, सावकाश अक्षरांत लिहीत होते. आधीचे चार त्यांनी खोडले नाहीत, फक्त शेजारी नवे लिहिले; मग पान माझ्याकडे वळवून सहीच्या जागेवर बोट ठेवले. मी सही केली.

दोन खाचांचे गॅस्केट मात्र त्यांनीच निवडले. पाकिटातून काढून अंगठ्याचे नख कडेवरून फिरवले, एक, दोन, आणि मान हलवली. हेड उतरले. बोल्ट मी आवळले, मधून बाहेर, त्यांनी सांगितलेल्या क्रमाने. नवरा दारात परत येऊन उभा होता.

शेवटी लांब पाना पिस्टन वरखाली करणाऱ्या क्रँकवर चढवून बाबांनी इंजिन हाताने फिरवायला घेतले. पूर्ण दोन फेऱ्या, डोळे मिटून. पिस्टन कुठे अडत असेल तर ते हातालाच कळते. पहिली फेरी गेली. दुसरीच्या मध्यावर ते थांबले. मग त्यांनी फक्त पकड बदलली आणि पाना पुढे ढकलला.

"मोकळं आहे," ते म्हणाले. "घे, तूही बघ."

मी पाना घेतला. दांड्यावर त्यांच्या हाताची ऊब होती.